शंभरास एक : तराजूतला न्याय आणि काळे कैदी

अमेरिकेत गुलामगिरी नष्ट केली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. पण त्याच दुरुस्तीत एक अपवाद लिहून ठेवला आहे : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम लादता येतील. दारातून हाकललेली बेडी या फटीतून पुन्हा आत आली. म्हणून तिथल्या काळ्या समाजाचा इतिहास तुरुंगाला वगळून लिहिता येत नाही.

१९८६ साली अमेरिकन काँग्रेसने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक बाळगले तर किमान ५ वर्षे तुरुंग. भुकटी कोकेनला तीच शिक्षा, पण ५०० ग्रॅमला! क्रॅक म्हणजे काय? कोकेनची भुकटी सोडा घालून पाण्यात उकळली की जे खडे उरतात ते. द्रव्य एकच, पण खडा स्वस्त, गरीब वस्तीत विकला जाणारा, आणि भुकटी महाग, पैसेवाल्यांची. कायद्यात वंशाचे नाव कुठेही नाही. तरीही क्रॅकखाली फेडरल न्यायालयांत शिक्षा झालेल्यांत दहापैकी आठांहून अधिक काळे होते. नाव न घेता एका समाजाला शिक्षा कशी द्यावी, हे त्या तराजूने दाखवून दिले. १९८४ च्या कायद्याने नव्या फेडरल गुन्ह्यांसाठी पॅरोल आधीच बंद झाला होता. म्हणजे न्यायाधीशाचा हात बांधलेला आणि कैद्याची वाटही बंद.

शिक्षांचे निकष ठरवणाऱ्या सेंटेन्सिंग कमिशनने १९९५ साली दोन्ही द्रव्यांना समान मोजण्याची शिफारस केली. काँग्रेसने ती फेटाळली. त्या फेटाळणीवर सही केली ती राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी. बारा वर्षांनी, २००७ साली, कमिशनने आपल्या हातातले निकष थोडे सैल केले, आणि मार्च २००८ पासून जुन्या कैद्यांनाही अर्जाची मुभा मिळाली. १६ हजारांहून अधिक कैद्यांची शिक्षा घटली. सरासरी सुमारे दोन वर्षांनी. मात्र कायद्याने ठरवलेल्या किमान शिक्षेच्या खाली कोणालाही जाता आले नाही.

२०१० साली काँग्रेसने शंभराचे प्रमाण अठरावर आणले. पाच ग्रॅमच्या जागी अठ्ठावीस ग्रॅम आले. कायद्याला नाव दिले 'न्याय्य शिक्षा' असे. पण अठरा हे तरी कोणत्या न्यायाचे प्रमाण? शिवाय ज्यांना आधीच शिक्षा झाली होती, त्यांना तो लागू नव्हता. कालच्या अन्यायाखाली बसलेल्याने तसेच बसून राहायचे! ही कोंडी डिसेंबर २०१८ च्या 'फर्स्ट स्टेप' कायद्याने फुटली. जुन्या कैद्यांना फेरशिक्षेचा अर्ज करता येऊ लागला आणि हजारोंची शिक्षा कमी झाली. तीही हक्काने नव्हे; देणे न देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर.

आणि तिथेही एक फास उरलाच होता. ४ ग्रॅमपेक्षाही कमी क्रॅकसाठी, जुने गुन्हे जमेस धरून, १५ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झालेला एक कैदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२१ मध्ये न्यायालयाने एकमुखाने सांगितले की तो अर्जास पात्रच नाही. कारण? २०१० च्या कायद्याने किमान शिक्षेच्या वजनांच्या मर्यादा बदलल्या. त्याचे वजन इतके अल्प होते की त्याच्या कलमाला किमान शिक्षाच नव्हती. म्हणून त्याच्यासाठी काही बदललेच नाही. अधिक माल बाळगणाऱ्याला दार उघडे, चिमूटभरवाल्याला बंद. शब्दार्थ अचूक, न्याय मात्र हरवला.

१९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरचे. ते नाते घोषणेपुरते ठेवायचे नसेल तर हा इतिहास आपण बारकाईने वाचला पाहिजे. कायद्यात जात वा वंश लिहिलेला नाही, एवढ्याने तो समतेचा ठरत नाही. त्याचे वजन कोणाच्या खांद्यावर पडते ते पाहावे लागते. आणि दुसरे : चूक कायद्याची असते, अर्ज मात्र कैद्याला करावा लागतो. शिक्षा घटली म्हणून भोगलेली वर्षे परत येत नाहीत. ज्या व्यवस्थेने ती घेतली, ती त्यांना सवलत म्हणते. आपण तिला उशिरा आणि अपुरे फेडलेले ऋण म्हणावे.