दोर, दार आणि परवाना

उंच इमारतीत माणसांना वर नेणाऱ्या यंत्राला सरकारी मराठीत ‘उद्वाहन’ असे नाव आहे. परंतु लोकांनी ‘लिफ्ट’ हाच शब्द आपलासा केला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू. जिना चढणारा मनुष्य स्वतःच्या पायांवर विसंबतो; लिफ्टमध्ये पाऊल टाकणारा मात्र ज्यांना त्याने कधी पाहिलेही नाही, अशा माणसांच्या कामावर विसंबतो. हा विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर आधी यंत्रात शोधले गेले आणि नंतर कायद्यात.

दोराने ओझे वर खेचण्याची युक्ती फार जुनी. विहिरीवरची मोट आणि रहाट ही तिचीच रूपे होत. पण दोर तुटला की सर्व काही खाली, ही भीती त्या युक्तीला कायमची चिकटलेली होती. अमेरिकेतील यॉन्कर्स येथे एका कारखान्यात काम करणाऱ्या एलिशा ओटिस यांनी १८५२ साली तिच्यावर उपाय काढला. ओझे नेणाऱ्या फळाटाच्या माथ्यावर त्यांनी गाडीला असते तशी पोलादी कमान बसविली. दोर ताणलेला असे तोवर कमान वाकलेली राही. तो तुटताच ती सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत आणि फळाट जागीच थांबे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ओटिस स्वतः अशा फळाटावर उंच उभे राहिले आणि त्यांनी सर्वांदेखत दोर तोडविला. फळाट पडले नाही. पुढे २३ मार्च १८५७ रोजी त्याच शहरात ब्रॉडवेवरील एका पाच मजली दुकानात माणसांसाठी त्यांची लिफ्ट सुरू झाली.

त्यानंतर वेगनियंत्रकाची भर पडली. लिफ्ट मर्यादेबाहेर धावू लागली की हा नियंत्रक वेगळ्या दोराच्या साहाय्याने तिला पकड बसवितो. इतके झाल्यावर धोका संपला, असे कोणासही वाटेल. परंतु २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले, तेव्हा एका लिफ्टचे मुख्य दोर तर तुटलेच, पण नियंत्रकाचा दोरही तुटला. पकड बसली नाही आणि लिफ्ट सुमारे ७५ मजले खाली कोसळली. आतील तरुण लिफ्टचालिका जबर जखमी झाली, तरी वाचली. असा प्रसंग विरळाच. पण रक्षण करणाऱ्या यंत्राचेही रक्षण करावे लागते, हे त्याने दाखवून दिले.

खरे पाहता दोर तुटून होणाऱ्या अपघातांपेक्षा दारापाशी होणारे अपघात अधिक. लिफ्ट मजल्यावर आलेली नसताना दार उघडते आणि मनुष्य रिकाम्या विहिरीत पाऊल टाकतो; किंवा जुन्या जाळीच्या दारातून एखादे मूल हात बाहेर काढते. यासाठी लिफ्ट समोर असल्याखेरीज दार उघडू नये आणि दार लागल्याखेरीज लिफ्ट हलू नये, अशी कुलुपाची योजना असते. ते कुलूप झिजते, गंजते. क्वचित घाईपायी कोणी ते निकामीही करून ठेवतो. ते नेमाने पाहील असा माणूस लागतो, आणि येथेच यंत्रशास्त्राची हद्द संपून कायद्याची सुरू होते.

अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९२१ साली लिफ्टच्या सुरक्षिततेची संहिता प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईत १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूस पाच-सहा मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि १९३९ साली मुंबई प्रांताने लिफ्टचा कायदा केला. त्याचे सूत्र सरळ होते. लिफ्ट बसविण्यापूर्वी मालकाने परवानगी घ्यावी. चालविण्यापूर्वी परवाना घ्यावा. निरीक्षकास इमारतीत शिरून तपासणीचा अधिकार असावा. आणि अपघात झाल्यास मालकाने त्याची वर्दी द्यावी. लिफ्ट खासगी असली तरी तिची सुरक्षितता ही सार्वजनिक बाब आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

आपल्या भागांशी या कायद्याचा जवळचा संबंध आहे. तो झाला तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतातच होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले. पुढे कर्नाटकाने १९७४ साली आपला लिफ्ट कायदा केला आणि २०१२ साली सरकत्या जिन्यांसह नवा. बडोदे १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरातेत आले. गुजरातचा स्वतंत्र कायदा २००० सालचा. महाराष्ट्राने जुन्या कायद्याच्या जागी २०१७ साली नवा आणला. उत्तर प्रदेशात तर असा कायदा २०२४ साली झाला. सीमा बदलल्या, कायद्यांची नावे बदलली. लिफ्टची विहीर मात्र सगळीकडे सारखीच खोल.

बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथात एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा; न घातल्यास तेथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. हजारो वर्षांपूर्वीच्या या नियमात आजच्या परवान्याचे सार आले आहे. घर माझे असले, तरी त्यात येणाऱ्या पाहुण्याच्या, दूधवाल्याच्या, मोलकरणीच्या जिवाची जबाबदारीही माझी आहे.

कायदा करणे सरकारचे काम. तो जिवंत ठेवणे आपले. पुष्कळ गृहसंस्थांच्या सभांत रंगरंगोटीच्या खर्चावर तासभर वाद होतो आणि लिफ्टच्या देखभालीचा खर्च मात्र काटछाट करण्याजोगा मानला जातो. तेव्हा पुढील सभेत दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आपल्या लिफ्टचा परवाना कोठे आहे, आणि तिची शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर देताना कोणी अडखळले, तर ते मिळेपर्यंत आपण जिन्यानेच जावे, आणि शेजाऱ्यांनाही तसेच सांगावे.