इंग्रजी पहिलीचा उंबरठा

मृगाचा पाऊस सुरू झाला, की बेळगावच्या गल्ल्यांतून नवी दप्तरे दिसू लागतात. त्यांत काही मुले अशी असतात, की ज्यांचे दप्तर नवे, गणवेश नवा, शाळाही नवी. मन मात्र अजून गावातच. खानापूरकडच्या एखाद्या वाडीतील किंवा निपाणीजवळच्या तंबाखूच्या शिवारातील ही मुले गावची लहान शाळा संपवून मोठ्या शाळेत पाऊल टाकीत असतात. वकिलीच्या व्यवसायात आम्हांस हद्दींची मोजणी नित्याची आहे. तथापि दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ओलांडलेल्या या हद्दीचा इतिहास कोणी सविस्तर लिहिल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

'इंग्रजी पहिली' हा शब्द आजच्या तरुण वाचकांस समजावून सांगावा लागेल. मुंबई इलाख्यात मराठी चौथी पुरी केलेला मुलगा इंग्रजी शाळेत गेला, की त्याची पाचवी न होता पुन्हा पहिलीच होत असे. इंग्रजी पहिली ते तिसरी ही मधली शाळा, पुढे चौथी ते सातवी हायस्कूल, आणि शेवटी मॅट्रिकची परीक्षा. ती मुंबई विद्यापीठाने १८५९ पासून घ्यावयास आरंभ केला होता. ज्यांस इंग्रजीकडे जाणे शक्य नसे ते मराठी सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलला बसत आणि तलाठी किंवा गावचे मास्तर होत. चौथीच्या अखेरीस मुलाच्या आयुष्याच्या अशा दोन वाटा फुटत. कोणती वाट धरावयाची हे पुष्कळदा त्याच्या बुद्धीपेक्षा वडिलांच्या मिळकतीवर आणि शाळा किती कोसांवर आहे यावर ठरे. काल मराठी शाळेत धाकट्यांवर रुबाब करणारा मुलगा आज पुन्हा पहिलीत, पुढ्यात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, आणि वर्गात ओळखीचे एकही माणूस नाही!

बेळगाव हे लष्करी ठाणे आणि जिल्ह्याचे गाव असल्यामुळे इंग्रजी शाळा येथे लवकर आल्या. लंडन मिशनची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, जेझुइटांचे सेंट पॉल्स १८५६ चे. पुढे सरदार हायस्कूल, आणि १९१६ साली कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा. परंतु शाळा शहरात आणि मुले खेड्यांत हा पेच कायम होता. निपाणी भागातील मुलास तर बेळगाव आणि कोल्हापूर यांपैकी कोणते तरी एक परके गाव पत्करावेच लागे.

निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेवर असलेल्या कागल गावातून असाच एक मुलगा कोल्हापुरास गेला होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. वडील १८७९ साली वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून कागलास पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये तो दरमहा गोपाळास पाठवू लागला. गोपाळ हाताने स्वयंपाक करी. मित्राने आग्रहाने नाटकास नेले आणि नंतर तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा त्या पैशांची भर काढण्यासाठी त्याने घरातील दिव्याचे तेल वाचविले व रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सर्वांच्या परिचयाची आहे. या गोष्टीतून विद्यार्थ्याच्या चिकाटीचा बोध काढण्याची रीत आहे. आम्हांस त्यात दुसरेच काही दिसते: नव्या गावात, नव्या शाळेत, दोन आण्यांची अडचण ज्याच्याजवळ बोलून दाखवावी असे वडीलधारे माणूस त्या मुलास नव्हते. याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि पुढील वर्षी ते तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले.

असे माणूस पुरविण्याची आपल्या समाजाची एक जुनी रीत होती. ती म्हणजे वार लावून जेवणे. सात घरी सात वार ठरवून घ्यावयाचे. ज्यांस तेही साधत नसे ते मधुकरी मागत. आमच्या आजीचे माहेर बेळगावातच. घराणे मूळचे गोव्याचे, कुलदैवत शांतादुर्गा. त्या घरी मंगळवारी एक मुलगा जेवावयास येई. त्याचे नाव आजीस शेवटपर्यंत आठवले नाही. घरात सर्व त्यास 'मंगळवार' असेच म्हणत. पहिले दोन महिने तो पाटावर मान खाली घालून बसे आणि दुसऱ्यांदा भात मागत नसे. पणजीबाई वाढता वाढता त्यास विचारी, ‘‘आज कितें शिकयलें रे बाबा?’’ आणि उत्तर पुरे झाल्याशिवाय ताक वाढीत नसे. तिला स्वतःला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. मुलगा भूगोल सांगे, चुकला तर स्वतःच थांबे, पुन्हा सांगे. दिवाळीनंतर तो न विचारताच सांगू लागला, आणि भातही मागू लागला, असे आजी सांगत असे. शहराशी त्याची ओळख अशी एका पाटावर झाली.

तथापि या रीतीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो पाट सर्वांसाठी मांडलेला नव्हता. सात वार मिळत ते आपल्या जातीच्या, फार तर पंक्तीस चालणाऱ्या मुलास. कुणब्याच्या, विणकऱ्याच्या, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलाने इंग्रजी पहिलीत नाव घातले, तर मंगळवारी त्याने कोठे जेवावे? या प्रश्नाला उत्तर दिले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले, आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. त्यांत सारस्वतांचेही होते. अठरापगड जातींची ती निरनिराळी घरे आज कोणास खटकतील. परंतु गावाहून आलेल्या मुलास त्यामुळे जेवणाची घंटा आणि अंथरुणाची जागा मिळाली. निपाणीस १९२५ साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, त्याच वर्षी त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले होते. शिक्षणाचा प्रश्न प्रथम पोटाचा व निवाऱ्याचा आहे, हे ज्यांस वार मिळत नव्हते त्यांनीच नेमके ओळखले.

गोव्याकडची मुले हा आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय. १८८८ साली मुरगावची आगगाडी घाट चढून कॅसलरॉकवरून लोंढ्यास आली, आणि फोंडा-डिचोलीकडील हिंदू घरांस बेळगाव जवळचे झाले. पोर्तुगीज अमलात मराठी शिकलेल्या मुलास इंग्रजीसाठी घाट चढण्यावाचून फारसा मार्ग नसे. गोव्यातही लोक स्वस्थ बसले नव्हते; पणजीस १९०८ साली निघालेल्या मुष्टिफंडाचे नावच मुळी घरोघरी बाजूस काढलेल्या मूठभर तांदळावरून पडले. पुढे ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर हद्द बंद झाली, गाडी थांबली, आणि ती गोवा मुक्त होईपर्यंत धावली नाही. बेळगावात शिकणाऱ्या गोमंतकीय मुलांस तेव्हा दिवाळीस घर नव्हते.

या सर्व काळात उंबरठा इंग्रजीचा होता. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपर्यंत मागे सरले आणि 'इंग्रजी पहिली' हे नाव हळूहळू लोपले. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच उंबरठ्यावर दुसरी भाषा येऊन उभी राहिली.

येथे आमच्यातील वकिलास थोडे बोलू द्यावे. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० अ आला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांस मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी, असे तो सांगतो. परंतु केवळ 'प्राथमिक टप्प्यावर'. तत्पूर्वी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने प्राथमिक शाळेसाठी माप ठरविले होते: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने माध्यमिक वर्गांसाठी माप लावले ते साठ आणि पंधरा. म्हणजे मूल जसजसे वर चढावे तसतसा आधार आखडत जातो. पुढे गोकाक समितीचा १९८१ चा अहवाल, कन्नडला एकमेव पहिल्या भाषेचे स्थान देणारा १९८२ चा आदेश, जून १९८६ चे बेळगाव भागातील आंदोलन व त्यात गोळीबाराने गेलेले बळी, हे सर्व झाले. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती सक्ती घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी निघालेल्या नव्या आदेशाने चौथीपर्यंत एकच भाषा सक्तीची ठेवली आणि दुसरी पाचवीपासून आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो आदेश मान्य केला. २०१५ च्या कायद्याने मात्र कन्नड टप्प्याटप्प्याने पहिलीपासूनच आली.

या निकालांत आम्हांस सर्वांत रोचक वाटतो तो २०१४ चा. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनीच ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले. बेळगावातील आपल्या घरांपुढे हा प्रश्न ठेवून पाहावा. मूल आजीशी कोंकणीत बोलते, देवळात मराठी आरती म्हणते, बाजारात कन्नड ऐकते, शाळेत इंग्रजी लिहिते. कोंकणी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली खरी. पण कित्येक कोंकणी घरांनी शाळेच्या दाखल्यावर मराठीच लिहिली आहे. आमच्याही दाखल्यावर तीच आहे, आणि ती खोटी आहे असे आम्हांस कधी वाटले नाही.

भाषांचे भय मोठी माणसेच वाढवितात, असा आमचा अनुभव आहे. कन्नडची वर्णमाला क, ख, ग, घ याच क्रमाने चालते. आपली बाराखडी तेथे कागुणित म्हणून ओळखली जाते. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद तेवढे नवे. ज्या मुलास देवनागरी नीट येते त्यास एका उन्हाळ्यात अक्षरओळख होऊ शकेल. आम्हांस ती करून दिली शेजारच्या कानडी काकूंनी, पापड लाटता लाटता. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावरचे वाचता आले नाही म्हणून एका गुरुजींनी उभे केले होते. त्या तासाची घंटा किती उशिरा झाली, ते अजून स्मरते.

मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवावे असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा कलम २९ मध्ये स्पष्ट म्हणतो. कायद्यात हे वाक्य आहे याचा आनंदच आहे. परंतु तासातासाला बदलणारे शिक्षक, अनोळखी बाके, डब्यास सोबत नसणे, बस चुकेल ही धास्ती, यांवर हुकूमनामा मिळत नाही. वार गेले, आणि त्यांतील अन्याय गेला हे उत्तमच झाले. पण वाढता वाढता प्रश्न विचारणारे माणूसही त्यांच्याबरोबर गेले.

आपल्या देवस्थानांचे सभामंडप वैशाखातील दुपारी रिकामे असतात. शाळा उघडण्यापूर्वीचे पंधरा दिवस तेथे सातवीतील मुलांनी नव्यांस घेऊन बसावे, वेळापत्रक कसे वाचावयाचे ते दाखवावे, कोणी निवृत्त शिक्षकाने कागुणित गिरवून घ्यावे, आणि येणाऱ्या मुलास जात विचारू नये. येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही हा विषय मांडणार आहोत. तूर्त, दुपारी सभामंडपाची किल्ली कोणाकडे असते, याची चौकशी चालू आहे.