आनंदीबाईंचे सहा प्रश्न

भगिनींनो, सभेत चार शब्द बोला म्हटले की आपण एकमेकींना पुढे ढकलतो. आनंदीबाई जोशी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. भाषण इंग्रजीत! विषय, ‘मी अमेरिकेस का जाते?’ पण त्याची मांडणी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईलाही समजते. लोक जे विचारून भंडावत, तेच सहा प्रश्न त्यांनी घेतले. अमेरिकेसच का? इथे शिक्षणाची सोय नाही काय? एकटी का? परतल्यावर जातवाले वाळीत टाकतील ना? काही बरेवाईट झाले तर? कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस?

त्यांतला वाळीत टाकण्याचा प्रश्न त्यांनी टाळला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. हिंदू म्हणून जाईन नि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भरसभेत सांगितले. दुखणे पुरुष डॉक्टरला सांगताना बायका संकोचतात, हे त्यांचे म्हणणे आपल्याला का पटणार नाही?

त्याच वर्षी ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. यजमान बरोबर नव्हते. १८८६ साली फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या.