खोटं दुखणं, खरा आजार

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. त्यामुळे आजचा भाग इतिहासाचा आहे, सल्ल्याचा नाही.

तर साल १९५१. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. त्यातला पेशंट असा: अचानक हॉस्पिटलात येतो, पोटात भयंकर कळा म्हणतो. पोटावर जुन्या ऑपरेशनांचे व्रण. तपासण्या होतात, कधी पुन्हा पोट उघडलं जातं. मग भांडण काढून निघून जातो आणि दुसऱ्या हॉस्पिटलात नवी कहाणी सांगतो. अ‍ॅशर यांनी याला नाव दिलं ‘मुंचाउझेन सिंड्रोम’. बॅरन मुंचाउझेन म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन सरदार. त्याच्या नावावरचं थापांचं पुस्तक १७८५ साली छापलं गेलं होतं.

नाव गमतीचं, पण त्यानं पेशंट थापाड्या ठरला. खरं तर सुट्टी किंवा पैशासाठी सोंग करणं वेगळं. इथे तसा उघड फायदा काहीच नसतो, तरी माणूस स्वतःचं पोट फाडून घेतो! १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ या ग्रंथात याला स्वतंत्र मानसिक आजार म्हणून जागा मिळाली.

पण ओळखायचं कसं? एक उदाहरण बघा. एखाद्याची साखर सारखी खाली जातेय. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइडही तयार होतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे साखर घसरलेली असताना रक्तात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड अगदी कमी सापडलं, तर ते बाहेरून टोचलेलं. हा झाला पुरावा. २०१३ च्या डीएसएम-५ नंही भर यावरच दिला: पेशंटच्या मनातला हेतू ओळखत बसू नका, फसवणूक झाल्याचा पुरावा शोधा.

मला हे फार जवळचं वाटलं. पहिल्या नोकरीत मी एका ग्राहकाची तक्रार ‘आमच्याकडे असं होत नाही’ लिहून बंद केली होती. माणूस उगाच कटकट करतोय असं धरून चाललो. दोन महिन्यांनी बग सापडला, माझ्याच कोडमध्ये.

रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ पेशंट खोटं बोलतोय असा होत नाही. आणि खोटं बोलतोय हे सिद्ध झालं, तरी तो आजारी नाही असंही होत नाही.

भेटू पुढच्या भागात!