उकिरड्यापासून इंदूर पद्धतीपर्यंत
मराठी खेड्यांत चुलीतली राख, केरकचरा आणि शेण उकिरड्यावर साचत असे व पावसाळ्यापूर्वी ते खत म्हणून शेतात जाई. मात्र उघड्या ढिगातला कस उन्हापावसात वाया जाई आणि जनावरांचे मूत्र बहुधा गोठ्याच्या मातीतच मुरे. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, राख आणि मूत्राने भिजलेली हीच माती यांचे थर उथळ खड्ड्यात रचून, ओल राखत व हवा खेळावी म्हणून ढीग तीनदा उलथत, सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट, म्हणजे कुजवून केलेले भुसभुशीत खत, तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. हॉवर्ड जगभर गाजले. पण या पद्धतीवरच्या १९३१च्या ग्रंथाचे सहलेखक असलेल्या वाडांचे नाव मागे पडले, हा अन्यायच होय.