निजामाचा दलित प्रतिनिधी

कुंडल हे प्रतिसरकारचे गाव. निजामाविरुद्ध लढायला गेलेल्यांच्या कथा आमच्या भागात अजून सांगतात. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यांतलेच. रझाकारांची बंदूक सर्वांना ठाऊक आहे. निजामाच्या दुसऱ्या हत्याराविषयी मात्र कोणी बोलत नाही.

1947 साली हैदराबादला स्वतंत्र राष्ट्र म्हणून जगाची मान्यता हवी होती. राजा मुस्लिम, प्रजा बहुसंख्य हिंदू, हे त्याचे दुबळे अंग. त्या बहुसंख्येतून अस्पृश्य वेगळे काढले की दावा बळकट होणार! अस्पृश्यांसाठी 1 कोटीचा निधी उभा राहिला. बी. एस. व्यंकटराव मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. सप्टेंबर 1948 मध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची बाजू मांडायला पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळात औरंगाबादचे बी. श्यामसुंदर होते.

ज्याच्या जातीला पाणवठ्यावर मज्जाव, तो जगाच्या दरबारात राज्याचा प्रतिनिधी. हा सन्मान की वापर? मला वाटते, दोन्ही. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच पाकिस्तान व हैदराबादमधील अस्पृश्यांना बजावले होते की, हिंदूंविषयी राग आहे एवढ्यावरून मुस्लिम लीगला मित्र मानू नका. हा इशारा योग्यच होता. पण श्यामसुंदरांना फितूर ठरवून मोकळे होणाऱ्यांना माझा सवाल आहे : तुमच्या गावाने त्यांच्या लोकांना तोवर काय दिले होते?

पोलीस कारवाईनंतर त्याच निधीतून बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला कर्ज मिळाले. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले ते त्याच्या आधाराने.