एका हाडाची भावंडे

तळवड्यात मला ‘सिएरावाले गुरुजी’ म्हणतात. माझ्या कादंबऱ्यांनी जे नाव मिळवून दिले नाही, ते एका जुन्या मोटारीने दिले! ही मोटार टेल्कोने १९९१ साली काढली. तीन दारे, आणि मागे छतापर्यंत वळत गेलेल्या प्रशस्त काचा. शाळकरी वयात मी ती पिंपरीच्या रस्त्यावर पाहिली आणि मनात धरली. हाती आली ती पुष्कळ वर्षांनी, तिसऱ्या मालकाकडून.

आमच्या आळीतले आप्पा आपल्या जुन्या टाटामोबाइलमधून चाकणच्या बाजारात कांदा नेत. एकदा माझ्या गाडीखाली वाकून ते हसले. “गुरुजी, वरून साहेब, पण खालून आमचा टेम्पोच की!” मी ओशाळलो. थोडा रागही आला. पण गोष्ट खरी होती.

जमशेदपुरात ट्रक बांधणारी टेल्को १९६६ साली सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळ आली. १९८८ साली तिने टाटामोबाइल हा पिकअप काढला. त्याचा पाया म्हणजे शिडीसारखा पोलादी सांगाडा. यंत्र आणि चाके त्यालाच जोडायची, वर हवा तो साज चढवायचा. आपल्या बैलगाडीचे तरी निराळे काय? आज शेणखत, उद्या वऱ्हाड! नवा सांगाडा म्हणजे नवे साचे, नवा खर्च. म्हणून त्याच घराण्यात १९९१ ची सिएरा, १९९२ ची इस्टेट, १९९४ ची सुमो आणि १९९८ ची सफारी जन्मली. ‘सुमो’ हे नावही सुमंत मुळगावकर या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडले.

गेल्या वर्षी माझ्या गाडीचा, वयोमानाने झिजलेला एक भाग कुठे मिळेना. घरात ती भंगारात देण्याची भाषा सुरू झाली. मला दोन दिवस जेवण गोड लागले नाही. त्याच आठवड्यात आप्पांचा पिकअप मोडीत निघायचा होता. वर्षानुवर्षे कांदा वाहून तोही थकला होता. आप्पांनी तो भाग स्वतःच्या हाताने सोडवून माझ्या अंगणात आणून ठेवला. मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, “भावाचं हाड भावाला लागलं. पैसे कसले घेता, गुरुजी?”

यंदा दसऱ्याला मी गाडीला झेंडूचा हार घातला, आणि खाली वाकून त्या सांगाड्यालाही हळदकुंकू लावले.